सहा महिन्यांचं घर आणि त्यातली म्हातारी माणसं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी)

दसऱ्याचं सोनं वाटून झालं. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या गावांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागायला लागल्या. पेट्या, पिठाच्या गोण्या, वाकळा, तवा, कळशी, कोंबड्यांचं डालगं, एखादी शेळी आणि या सगळ्याच्या वर बसलेली लेकरं. आपल्या भागात हे कुणाला सांगायला नको. पण ट्रॉलीत नीट बघितलं तर लेकरांना धरून बसलेली एखादी आजी दिसते, कधी तिच्या शेजारी आजोबाही. त्यांच्या हातात कोयता नसतो. मुकादमाच्या वहीत त्यांचं नाव नसतं. उचल त्यांच्या नावावर नसते. तरी तिथलं सहा महिन्यांचं घर त्यांच्याच जिवावर चालतं.

आज आम्ही या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलणार आहोत. कोपीवर त्यांचा दिवस कसा जातो, त्यांना काय लागतं, आणि ट्रॉली निघायच्या आधी आपल्या गटांनी त्यांच्यासाठी काय बांधून द्यायचं.

ही माणसं जातात का?

नोकरदार माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला की रिटायर होतो. ऊसतोडीतली बाई रिटायर कधी होते? मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढता येईना, तेव्हा. मग कोयता सुनेच्या हातात जातो आणि सासू कोपी सांभाळायला लागते. तिला ना फंड, ना ग्रॅच्युइटी. वीस-पंचवीस हंगाम तोडलेल्या उसाचा एक कागदही तिच्याकडे नसतो.

आपला बालाघाटाचा डोंगरपट्टा कोरडवाहू. १९७२ च्या दुष्काळानंतर कारखान्यावर जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली, ती अजून थांबली नाही. सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, आणि पलीकडे कर्नाटकात बेळगाव, बागलकोटपर्यंत आपली माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघं पहाटेच फडात गेल्यावर तान्हं लेकरू कुणाकडे ठेवायचं? पाळणाघर नाही, अंगणवाडी लांब. म्हणून आजीला नेतात. गावात तिला एकटीला ठेवायचं तर तिला भाकर कोण देणार, हाही प्रश्न असतोच. म्हणजे आजी तिकडे आराम करायला जात नाही, आणि गावात राहिली तरी तिला आराम नसतो.

कोपी म्हणजे काय?

शहरातल्या मैत्रिणी हे बोलणं वाचत असतील, त्यांच्यासाठी सांगतो. बांबूच्या कांब्या वाकवून त्यावर चटया आणि ताडपत्री टाकून केलेलं घर म्हणजे कोपी. मध्ये उभं राहता येतं, कडेला वाकावं लागतं, दारातून तर रांगल्यासारखंच आत जावं लागतं. खाली उसाचं पाचट अंथरतात, त्यावर वाकळ. एका बाजूला पेटी आणि पिठाची गोणी, दुसऱ्या बाजूला झोपायचं. चूल बाहेर, तीन दगडांची. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली जुनी साडी. पाण्याला एक प्लास्टिकचा ड्रम.

सगळ्यांचं राहणंही सारखं नसतं. बैलगाडीवाल्या टोळ्या बहुतेक कारखान्याच्या जवळ एकाच तळावर हंगामभर राहतात. ट्रक-ट्रॅक्टर भरणाऱ्या डोकी सेंटरच्या टोळ्यांना मात्र फड संपला की कोपी मोडून दुसऱ्या गावाला जावं लागतं. एका हंगामात घर तीन-चार वेळा उठतं. तरण्याला ते जमतं. साठी ओलांडलेल्या माणसाला दरवेळी नवं पाणी, नवी वाट, संडासला जायची नवी जागा शोधावी लागते. नव्या तळावर पहिल्या दोन रात्री म्हातारं माणूस अंधारात पडण्याची भीती सगळ्यात जास्त असते, हे कोपीवरून आलेल्या बाया आम्हाला दरवर्षी सांगतात.

आजीचा एक दिवस

पहाटे तीन-साडेतीनला तळावर चुली पेटतात. सून भाकरी थापते, आजी जाळ घालते. पाचच्या आत दोघं फडावर. मग कोपीवर उरतात आजी, लेकरं, शेळी आणि थंडी. पौष महिन्यात उसाच्या रानातली थंडी कशी असते ते ज्यांनी काढलीय त्यांनाच माहीत. पाण्याच्या पाटाला लागून तळ असेल तर वाकळसुद्धा दहिवरानं ओली होते.

उजाडलं की पाणी. शेतकऱ्याची विहीर किंवा बोअर चालू असेल तोवर भरून घ्यायचं. लाईट गेली की बोअर बंद. म्हणून आजी पाण्याचा हिशोब मनात ठेवते: प्यायला किती, लेकरांच्या अंगावर किती, भांड्याला किती, शेळीला किती. स्वतःच्या अंघोळीचं पाणी ती बहुतेक वेळा शेवटी धरते आणि मग ते उरतच नाही.

त्यानंतर जळण गोळा करायचं. तान्ह्याला साडीच्या झोळीत घालून एका पायानं झोका द्यायचा आणि हातानं डाळ निवडायची. मोठी लेकरं पाटाकडे जात नाहीत ना, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे उसाचं टिपरू ओढायला पळत नाहीत ना, याच्यावर डोळा ठेवायचा. दुपारी फडावरून वाढ्याच्या पेंढ्या आल्या की त्या विकायला बसायचं. दूधवाले शेतकरी वाढं घ्यायला येतात. त्यातून सुटणारे पैसे कोपीचा रोजचा मीठ-मसाला, चहा-साखर भागवतात. हा व्यवहार आजी करते आणि चोख करते.

संध्याकाळी दोघं थकून येतात तेव्हा चुलीवर कालवण तयार असतं. पण भरायची गाडी रात्री अकराला आली तर दोघं परत उठून जातात. मग अंधारात आजी आणि लेकरं एकटीच. रात्री लघवीला उठायचं तर बाहेर साप-विंचवाची भीती. म्हणून म्हाताऱ्या बाया संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. पाणी कमी पिऊन लघवीची जळजळ होते, ताप येतो, म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते. सून समजते, आईला थंडी बाधली. मुळात बाधलेला असतो अंधार.

सगळंच दुःखाचं असतं असं नाही. दहा-बारा कोप्यांचा तळ म्हणजे एक गल्लीच असते. गावात भिंतीआड बसणारी म्हातारी माणसं इथं शेकोटीभोवती एकत्र येतात. आपल्याकडे येळवस असते तेव्हा शेतात कडब्याची कोप करून पांडव पुजतात, भज्जी आणि आंबील करतात. तळावरही कुणीतरी आजी तिथीची आठवण ठेवते आणि मिळेल त्या भाज्यांची भज्जी शिजते. लेकरांना ओव्या, कोडी, गावातल्या माणसांची नाती हे सगळं त्या सहा महिन्यांत आजीकडूनच मिळतं. बाळंतिणीला शेक, लेकराला बाळगुटी, हेही तिच्याच हातचं. हे काम पैशात मांडलं जात नाही म्हणून ते काम नाही असं कुणी समजू नये.

दुसऱ्या देशातली चाकावरची घरं

आता थोडं लांबचं सांगतो. त्याचा आपल्याशी काय संबंध, ते पुढे कळेल.

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात फार बर्फ पडतं. तिथले पुष्कळ रिटायर झालेले लोक थंडी सुरू झाली की दक्षिणेला, अ‍ॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उबदार राज्यांत जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. त्यांना तिकडे स्नोबर्ड म्हणतात, म्हणजे बर्फ पडलं की उबेकडे उडणारं पाखरू. त्यातले बरेचजण मोटारीच्या मागे एक चाकावरचं घर ओढून नेतात. त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, गॅस, छोटा फ्रीज, न्हाणी आणि संडास. जागा आपल्या एका खोलीएवढी.

त्यांचाही दिवस पाण्याच्या हिशोबात जातो. ट्रेलरखाली तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. पहिली संपायच्या आत भरायची, दुसऱ्या दोन भरायच्या आत ठरलेल्या जागी नेऊन रिकाम्या करायच्या. छपरावर सोलर असेल तर आज ऊन किती पडलं त्यावर रात्रीचा दिवा किती वेळ चालेल ते ठरतं. म्हातारा-म्हातारी सकाळी ही कामं उरकतात, फिरायला जातात, शेजारच्या ट्रेलरवाल्यांबरोबर पत्ते खेळतात, औषधांच्या गोळ्या मोजून ठेवतात. छोटं घर आणि मोजकं पाणी ही बाब त्यांची आणि आपल्या आजीची सारखीच आहे.

फरक पुढे आहे. अ‍ॅरिझोना राज्यात वाळवंटात क्वार्टझसाइट नावाचं अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या आजूबाजूला असे हजारो ट्रेलर येऊन थांबतात. तिथल्या सरकारनं १९८० च्या दशकात आपल्या मालकीच्या जमिनीवर यांच्यासाठी जागा ठरवून दिल्या. मुदत १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. म्हणजे जवळजवळ आपला गळीत हंगामच! सात महिन्यांचं शुल्क कित्येक वर्षं १८० डॉलर राहिलं, आपले पंधरा हजारांच्या थोडं पुढे. तेवढ्यात थांबायला जागा, आणि मोठ्या तळांवर पाण्याचा नळ, कचरा टाकायची सोय आणि संडासाची टाकी रिकामी करायची जागा मिळते. सहा-सात महिन्यांसाठी येणारं माणूसही माणूस आहे, त्याला पाणी आणि संडास लागतो, एवढी साधी गोष्ट तिथं धरून चाललेले आहेत.

तुम्ही म्हणाल, ते हौसेनं जातात, आपण पोटासाठी. बरोबर आहे. पण त्यांच्यातही पेन्शन न पुरणारे म्हातारे आहेत. ते ट्रेलर घेऊन हंगामी कामाला फिरतात. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांच्या सीमेवर रेड रिव्हर नदीच्या खोऱ्यात बिटापासून साखर होते. दर ऑक्टोबरमध्ये बीट काढायच्या हंगामाला अशी कितीतरी वयस्कर माणसं तिथं बारा-बारा तासांच्या पाळीवर काम करतात. काम अवघड, थंडी कडाक्याची. पण तिथली साखर कंपनी ट्रेलर लावायला जागा देते आणि त्या जागेवर पाणी, वीज आणि मैला वाहून नेणारी जोडणीही देते. कामगाराच्या घराची सोय हा तिथं भरतीचाच भाग असतो. हे आम्ही मुद्दाम सांगितलं. साखर तिकडेही होते, हंगाम तिकडेही असतो. मग हंगामापुरत्या घराला पाणी आणि संडास देणं आपल्याकडेच अशक्य का वाटावं?

उचल घेतानाच विचारायच्या चार गोष्टी

उचल किती, कमिशन किती, खाडा किती, एवढंच बोलून करार होतो. तळाबद्दल कुणी बोलत नाही. गटातल्या ज्या घरांतून माणसं जाणार आहेत त्यांनी उचलीच्या वेळीच चार गोष्टी विचाराव्यात. सगळ्या टोळीनं मिळून विचाराव्यात, म्हणजे एकट्या घरावर राग निघत नाही.

पहिली, पाणी. तळाजवळ पिण्याचं पाणी कुठून येणार? बोअर बंद पडला तर टँकर देणार का? दोन कोप्यांत एक तरी मोठा ड्रम असावा. प्यायच्या पाण्याला जीवनड्रॉपचे थेंब किंवा उकळणं, दोन्हीपैकी एक हवंच. मेडिक्लोरच्या बाटल्या आरोग्य केंद्रात मिळतात, जाताना मागून घ्या.

दुसरी, संडास. कारखाना फिरते संडास देत असेल तर उत्तम. नसेल तर टोळीनं पहिल्याच दिवशी तळापासून लांब, पाण्याच्या खालच्या बाजूला खड्डा करून ताडपत्रीचा आडोसा करावा. म्हाताऱ्या माणसाला गुडघे वाकत नाहीत, म्हणून खड्ड्यावर दोन फळ्या आणि धरायला एक बांबू रोवावा. एका बांबूनं पडणं वाचतं.

तिसरी, उजेड आणि आग. प्रत्येक कोपीत एक सोलरचा कंदील किंवा चार्जिंगची बॅटरी पाहिजे, आणि ती आजीच्या उशाशी राहिली पाहिजे. तारेवर आकडा टाकून लाईट घेऊ नका. ओल्या जमिनीवर तो जीव घेतो. कोपी म्हणजे बांबू, चटई आणि पाचट, पेटायला एक ठिणगी पुरते. चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, कोपीपासून लांब करा. चुलीभोवतीचं पाचट झाडून घ्या, जवळ एक पाण्याची बादली कायम भरलेली ठेवा. शेकोटी विझवल्याशिवाय झोपू नका.

चौथी, दवाखाना. जवळचं सरकारी आरोग्य केंद्र कुठलं, तिथं जायला रस्ता कुठून, हे पहिल्या आठवड्यातच बघून या. १०८ नंबरची रुग्णवाहिका आपल्याकडेही मोफत आहे आणि कर्नाटकातही. मात्र फोनवर तळ कुठं आहे ते सांगता आलं पाहिजे. गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा एका कागदावर लिहून कोपीत लावा. साप चावला तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला सरळ दवाखान्यात न्या.

पेटीत ठेवायचे कागद

आता कागदांचं. एका प्लास्टिकच्या पिशवीत हे सगळं घालून आजीच्या पेटीत ठेवा. मूळ कागदांच्या झेरॉक्स गावात विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

रेशन कार्ड. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत आपलं धान्य देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात मिळतं, कर्नाटकातसुद्धा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. घरातली काही माणसं गावात राहिली असतील तर थोडं तिथं, थोडं इथं असंही उचलता येतं. त्यासाठी कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं आधार जोडलेलं आणि केवायसी झालेलं पाहिजे. म्हाताऱ्या बायांची एक अडचण असते. वर्षानुवर्षं कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि मशीनला अंगठा लागत नाही. त्यांनी आधार केंद्रात जाऊन बोटं आणि डोळे परत नोंदवून घ्यावेत, मोबाइल नंबर जोडावा. हे काम निघायच्या आदल्या दिवशी होत नाही. नवरात्राच्या आधीच उरका.

पेन्शन. निराधार बायांसाठी संजय गांधी योजना आहे आणि ६५ वर्षांवरच्या गरीब माणसांसाठी श्रावणबाळ योजना. श्रावणबाळला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. जुलै २०२३ पासून दोन्हीत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. लाडकी बहीण योजना ६५ व्या वर्षापर्यंतच आहे. ज्यांचं वय तिथं आलं आहे त्यांनी श्रावणबाळचे कागद आधीच जमवायला घ्यावेत, म्हणजे मधले महिने रिकामे जाणार नाहीत. या योजनांना हयातीचा दाखला लागतो, पडताळणी होते. माणूस कोपीवर आणि पडताळणी गावात, असं झालं की पैसे थांबतात. म्हणून निघायच्या आधी तहसील कार्यालयात किंवा तलाठ्याकडे यंदाची पडताळणी कधी आणि कशी होणार ते विचारून घ्या. जमत असेल तर करूनच जा.

दवाखान्याचं कार्ड. आयुष्मान कार्ड काढलं असेल तर योजनेतल्या रुग्णालयात, दुसऱ्या राज्यातही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. वय ७० च्या पुढे असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असो, वयवंदना कार्ड निघतं. त्याला फक्त आधार लागतं.

औषधाचा कागद. बीपी, शुगर, दमा यांच्या गोळ्या चालू असतील तर आरोग्य केंद्रात सांगा की आम्ही सहा महिने बाहेर चाललोय. जितक्या दिवसांच्या मिळतील तितक्या घ्या आणि गोळीचं नाव लिहिलेला कागद जपून ठेवा. तो दाखवला तर कुठल्याही सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पुढच्या गोळ्या लिहून देऊ शकतो. राज्यात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पावसाळ्यातच उरका. नुकतं ऑपरेशन झालेला डोळा चुलीच्या धुरात आणि उसाच्या कुसळात नेऊ नये.

ओळखपत्र. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ आहे. ऊसतोड करणाऱ्यांची नोंद करून ओळखपत्र ग्रामपंचायतीतून ग्रामसेवकामार्फत मिळतं. ज्या बायांनी आयुष्यभर ऊस तोडला आणि आता हात थकले त्यांनी आपली नोंद झाली आहे का ते विचारावं. वहीत नाव नसलेल्या माणसाला उद्या कुठलीच योजना ओळखणार नाही.

गावात मागे राहिलेले

सगळेच आजी-आजोबा जात नाहीत. काही घरांत शाळेतली लेकरं आजीजवळ ठेवून आई-बाप जातात. हे चांगलंच आहे, लेकराची शाळा बुडत नाही. पण सत्तरीच्या बाईनं दोन-तीन लेकरांचा स्वयंपाक, पाणी, शाळा, आजारपण हे सगळं सहा महिने एकटीनं ओढायचं म्हणजे तिलाही परत फडावरच घातल्यासारखं आहे. अशा गावांत हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीतून वेळेत गेली पाहिजे. २०२१ मध्ये शासनानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली, संत भगवानबाबांच्या नावानं. आपल्या तालुक्यात त्यातलं कुठं चालू आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. आणि जी लेकरं कोपीवर जाणारच आहेत त्यांना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. लेकरू दिवसभर शाळेत गेलं तर आजीलाही दुपारी पाठ टेकता येते.

गटानं काय करायचं?

आमच्या बैठकीत आम्ही तीन टप्पे ठरवले आहेत, तुम्हीही आपल्या गावाला जुळतील तसे ठरवा.

निघायच्या आधी. पोळ्याच्या सुमारास गटाच्या बैठकीत एक यादी करायची: कुठल्या घरातून कोण जाणार, त्यात साठीच्या पुढचं कोण, कोण मागे राहणार. आशाताईला बोलावून त्या सगळ्यांचं बीपी-शुगर तपासून घ्यायचं. आधार, रेशन, पेन्शन यातलं ज्याचं जे अडलं असेल त्यासाठी गटातली एक शिकलेली मुलगी सोबत द्यायची. पैशाची नड असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून एक कंदील, एक ड्रम, एक घडीची बाज घेऊन द्यावी. एवढी छोटी रक्कम हंगामात वाढ्याच्या पैशातूनही फिटते. त्यासाठी मुकादमाची उचल वाढवून घेऊ नका.

हंगामात. जाणाऱ्या बायांची बचत बंद पडू देऊ नका. फोनवरून पाठवता येत असेल तर पाठवा, नाहीतर सहा महिन्यांची बचत परत आल्यावर घ्यायची असा ठराव आधीच वहीत लिहा. गावात राहिलेल्या आजी-आजोबांची घरं सदस्यांनी वाटून घ्यायची आणि आठवड्यातून दोनदा दारात जाऊन यायचं. जेवली का, गोळी घेतली का, लेकरू शाळेत गेलं का, एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात. कोपीवरच्या आजीला पंधरा दिवसांतून एक फोन करा. मुलाशी बोलून फोन ठेवू नका, आजीला द्यायला सांगा.

परत आल्यावर. कारखान्याचा पट्टा पडला की माणसं येरमाळ्याच्या येडाईच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला पोहोचायची धडपड करतात. यात्रा झाली की एक बैठक फक्त त्यांच्यासाठी घ्या. तळावर पाणी मिळालं का, कुठला मुकादम शब्दाला जागला, कुणाचं रेशन तिकडे मिळालं, कुणाचं नाही, हे सगळं लिहून ठेवा. पुढच्या पोळ्याला करार करताना हीच वही उपयोगी पडते. आणि त्या बैठकीत सुनेबरोबर सासूलाही बोलवा.

एक गोष्ट सुनांसाठी. आम्हीही कुणाच्या तरी सुना आहोत, म्हणून बोलतो. हंगामाचा हिशोब होतो तेव्हा टन किती तोडले, फिटली किती, राहिली किती, एवढंच मोजलं जातं. लेकरू सुखरूप परत आलं, वाढं विकून चूल चालली, रात्री गाडी भरताना कोपीत कुणीतरी जागं होतं, म्हणून ते टन तोडता आले. त्या हिशोबात आजीचा वाटा धरा. वाढ्याच्या पैशातले निदान शंभर-दोनशे रुपये दर महिन्याला तिच्या स्वतःच्या हातात राहू द्या आणि तिचं बँकेचं पुस्तक तिच्याच पेटीत ठेवा.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. आपल्या गल्लीत जी ट्रॉली भरतेय तिथं जा आणि वर बसायच्या आधी आजीला पाच गोष्टी विचारा: आजी, गोळ्या घेतल्या का? रेशनचं कार्ड घेतलं का? बॅटरी घेतली का? कुठल्या गावाला चालला, लिहून घेतलं का? आमचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का? यातल्या एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं तर ट्रॉली निघायच्या आत ते काम करून टाका.

पुढच्या भागात आपण गटाच्या वहीत अंतर्गत कर्जाचं व्याज कसं मांडायचं ते बघू. तोवर सगळ्यांना नमस्कार.